थुक्पा, कन्नड आणि आपण

उद्यमबागेत पाळी सुटण्याच्या वेळी खानापूर रस्त्याच्या कडेला दहा मिनिटे उभे राहिले, तर अर्ध्या देशाचे दर्शन घडते. फौंड्रीतून काळे होऊन बाहेर पडणारे बिहार-ओडिशाचे मजूर, दिवसभर लेथपुढे उभे राहून पाय ओढत निघालेले अनगोळ-मच्छेचे कामगार, हॉर्न वाजवणारे टेम्पोवाले, आणि या गर्दीतून वाट काढणारी आम्ही कॉलेजची मुले. या सर्वांची भूक एकाच वेळी जागी होते. पूर्वी या वेळेवर मिरची-भजी आणि वडापाव यांचेच राज्य होते. आता त्यांच्या रांगेत मोमोचा एक गाडा येऊन उभा राहिला आहे. थरांच्या भांड्यातून वाफ निघत असते आणि तिच्यामागे विशीतला एक मुलगा उभा असतो. तो आसामचा आहे. पण आम्ही त्याला "ए नेपाळी, एक प्लेट लाव" असेच म्हणतो. एखादा जास्तच विनोदी असला तर "चिनी" म्हणतो. तो काही बोलत नाही. प्लेट लावतो.

मीही त्याला अशीच हाक मारीत होतो. गेल्या उन्हाळ्यानंतर मला ते जमेनासे झाले. त्याचे कारण सांगावे म्हणून हा लेख लिहीत आहे. लेखाचा विषय म्हटला तर बेंगळूरमधले एक लहानसे हॉटेल आहे, आणि म्हटला तर आपण, म्हणजे या सीमाभागातले मराठी विद्यार्थी, आहोत.

गेल्या उन्हाळ्यात प्रशिक्षणासाठी मी दोन महिने बेंगळूरला होतो. राणी चन्नम्मा एक्सप्रेसने रात्री बसलो आणि सकाळी एका अफाट शहरात उतरलो. कोरमंगला भागात एका खोलीत आम्ही चौघे राहत होतो. जेवणाची सोय तिथेच होती, परंतु तोच भात आणि तेच पातळ सांबार रोज खाऊन जीव विटला होता. एके दिवशी संध्याकाळी वळवाचा पाऊस आला. छत्री नव्हती. आडोशासाठी एका गल्लीत शिरलो आणि समोर जे दार उघडे दिसले त्यात घुसलो. ते हॉटेल होते.

हॉटेल कसले, राहत्या घराची पुढची खोलीच ती. चार टेबले, त्यांवर मेणकापड. दारावरच्या पाटीवर तीन लिप्या होत्या : कन्नड, इंग्रजी आणि तिसरी मला न वाचता येणारी. भिंतीवर ल्हासाच्या पोताला राजवाड्याचे मोठे चित्र, त्याशेजारी दलाई लामांची तसबीर, तिला पांढऱ्या रेशमी वस्त्राचा हार घातलेला, आणि या सर्वांच्या खाली एक कन्नड दिनदर्शिका. एका कोपऱ्यात एक अतिशय वृद्ध बाई जपमाळ ओढीत बसली होती. दुसऱ्या कोपऱ्यात सात-आठ वर्षांची मुलगी वही पुढे घेऊन बसली होती. गल्ल्यावर चाळिशीची एक बाई होती. ती दारातल्या भाजीवाल्याशी कोबीच्या भावावरून कन्नडमध्ये कडाकडा भांडत होती. भांडण तिनेच जिंकले असावे, कारण भाजीवाला हसत हसत एक गड्डा जास्त ठेवून गेला.

मी हिंदीत विचारले, "खायला काय आहे?" तिने हिंदीतच उत्तर दिले आणि गाव विचारले. मी बेळगाव म्हणालो. तिचा चेहराच बदलला. "बेळगावेनरी? बर्री, कुंदर्री!" ती म्हणाली. बेंगळूरच्या कन्नडला ही 'री'ची फोडणी नसते. हे आपल्याकडचे, धारवाड-हुबळीकडचे कन्नड. महिनाभर त्या शहरात परक्यासारखा हिंडत असताना पहिल्यांदा कोणीतरी माझ्या मुलखातले बोलले होते, आणि बोलणारी बाई तिबेटी होती. ती मुंडगोडची निघाली. तिथल्याच वसाहतीत जन्मली आणि वाढली.

तिने आणखी दोन-तीन वाक्ये कन्नडमध्ये विचारली. मला ती समजली. उत्तर मात्र जुळवता येईना. "हौदरी" यापलीकडे माझी गाडी जाईना. शेवटी मी हिंदीवर आलो. तिने आश्चर्याने विचारले, "बेळगावचे, आणि कन्नड येत नाही?"

हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी ऐकला आहे, आणि त्याचे उत्तरही आपल्याला पाठ आहे. मी ते जरा ताठ मानेनेच दिले. "आम्ही मराठी आहोत."

"आणि मी तिबेटी आहे," ती म्हणाली, आणि आत थुक्पा सांगायला निघून गेली.

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी एक गोष्ट सांगितली, तिने एक सांगितली, इतकेच. परंतु बाहेरचा पाऊस थांबेपर्यंत आणि त्यानंतरही बरेच दिवस ते वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही.

थुक्पा आला. मोठ्या खोल वाडग्यात गरम पातळ रस्सा, त्यात शेवया, कोबी, गाजर, वर कांद्याची हिरवी पात. शेजारी लाल मिरचीची चटणी, तिला ते सेपेन म्हणतात. पहिल्या घोटाला वाटले, हे फारच सौम्य आहे. कोल्हापुरी तिखटावर वाढलेल्या जिभेला असे वाटणारच. तिसऱ्या-चौथ्या घोटाला कळले की हे जेवण जिभेसाठी कमी आणि हातपाय गरम करण्यासाठी जास्त आहे. त्यानंतर मी तिथे आठवड्यातून तीन वेळा तरी जाऊ लागलो. तिला मी अक्का म्हणू लागलो. ती आपल्या आईला आमा-ला म्हणे. त्यातला 'ला' हा आपल्या 'जी'सारखा मानाचा आहे, हे मला तिथेच कळले.

मोमो आपल्या सर्वांना माहीत आहेत. ते उकडीच्या मोदकाचे दूरचे भाऊ आहेत : पारी, सारण, वरची चुणी आणि खालची वाफ. परंतु माझे मन जडले ते थेंथुक या प्रकारावर. कणीक मळून तिची लांब पट्टी ओढायची आणि तिचे चपटे तुकडे बोटांनी तोडून उकळत्या रश्श्यात टाकायचे. पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा मी अक्काला म्हणालो, "अहो, या तर आमच्या चकोल्या!" आमच्या घरी आई संध्याकाळी कंटाळा आला की उकळत्या आमटीत चपातीचे तुकडे सोडते आणि वर तूप घालून वाढते. अक्काला चकोल्या समजावून सांगता सांगता माझी पुरेवाट झाली, पण तिला ते पटले. त्साम्पा हे त्यांचे मुख्य अन्न म्हणजे भाजलेल्या सातूचे पीठ. चहात किंवा लोण्यात कालवून ते हाताने मळून खातात. आपल्याकडे प्रवासाला निघताना आजी सातूचे पीठ बांधून देई, ते आठवा.

एकदा मी मोठ्या उत्साहाने याकच्या लोण्याचा चहा मागितला. अक्का इतकी हसली की आमा-लाने जपमाळ थांबवून काय झाले ते विचारले. याक हा नर असतो. मादीला द्री म्हणतात. म्हणजे मी बैलाचे लोणी मागत होतो! बेंगळूरला अर्थात द्रीही नव्हती. साध्या लोण्याचा, मीठ घातलेला चहा तिने आणून दिला. पहिला घोट गिळायला धैर्य लागले. पण आपण ताकाला मीठ लावतोच ना? चहा म्हणून प्यायला की तो घशाखाली उतरत नाही, सार म्हणून प्यायला की उतरतो.

आता या अन्नामागची हकीकत थोडक्यात सांगितली पाहिजे, कारण मोमो खाणाऱ्या आपल्यापैकी पुष्कळांना ती ठाऊक नाही. मलाही नव्हती. १९५० साली चिनी सैन्य तिबेटात शिरले. १० मार्च १९५९ रोजी ल्हासात उठाव झाला. आठवड्याभरात दलाई लामांनी ल्हासा सोडले आणि मार्चच्या अखेरीस ते भारताच्या हद्दीत आले. त्यांच्यामागून हजारो लोक हिमालय ओलांडून आले. सुरुवातीची वर्षे त्यांतले कित्येकजण डोंगरात रस्ते बांधण्याच्या मजुरीवर जगले. त्यांना कायमची जागा हवी होती, आणि ती देण्यात तेव्हाचे म्हैसूर राज्य पुढे आले. १९६० च्या सुमारास म्हैसूरजवळ बैलकुप्पे येथे पहिली मोठी वसाहत उभी राहू लागली आणि १९६६ साली मुंडगोडची. हिमाच्या प्रदेशातून आलेल्या त्या लोकांना इथे जंगल तोडून शेती करावी लागली. उकाडा, आजार आणि जंगली जनावरे यांनी पहिल्या वर्षांत त्यांचे फार हाल केले. इथल्या उष्ण हवेत त्यांचा सातू येईना, म्हणून ते भात आणि मका पिकवायला शिकले. गादेन आणि द्रेपुंग हे त्यांचे जुने विहारही १९६९ साली मुंडगोडलाच पुन्हा उभे राहिले. महाराष्ट्रातही १९७२ साली तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यात, गोठणगावला, त्यांची एक वसाहत झाली. गोठणगाव आता गोंदिया जिल्ह्यात आहे.

यातल्या एका सालाने मला थांबवले. १९६६. हे साल आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना वेगळ्याच कारणासाठी पाठ आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरात आपला सीमाप्रश्न सोडवण्यासाठी महाजन आयोग नेमला गेला. कोणते खेडे कोणत्या राज्याचे याचा हिशेब जेव्हा मांडला जात होता, त्याच वेळी इथून बसने तीन-चार तासांवर अशी माणसे जमीन नांगरीत होती, ज्यांचा देशच हिशेबातून गेला होता. निजलिंगप्पा तेव्हा म्हैसूरचे मुख्यमंत्री होते. आमच्या घरी सीमाप्रश्नाच्या गप्पांत त्यांचे नाव अनेकदा ऐकले आहे, प्रेमाने नव्हे. त्यांच्याच कारकिर्दीत मुंडगोडला या लोकांना आसरा मिळाला, ही गोष्ट मात्र मी एका तिबेटी हॉटेलात बसेपर्यंत ऐकली नव्हती. इतिहास आपण आपल्या अंगणापुरताच शिकतो, त्याचे हे उदाहरण.

आता मला एक कबुली द्यायची आहे. थंडी सुरू झाली की आपल्या शहरात स्वेटर विकणारे तिबेटी लोक येतात, हे सर्वांनी पाहिले आहे. लुधियानाहून उधारीवर माल उचलायचा, गावोगावी चार महिने विकायचा, आणि लोसार या त्यांच्या नववर्षाच्या सुमारास घरी परतायचे, असा तो धंदा. मी पाचवीत असताना आई मला स्वेटर घ्यायला घेऊन गेली. विकणाऱ्या बाईने माझ्या पाठीला स्वेटर लावून पाहिला, बाही मनगटापर्यंत येते का ते पाहिले, आणि पुढच्या वर्षीही व्हावा म्हणून एक माप मोठा काढून दिला. माझ्याबरोबर वर्गातली दोन मुले होती. त्यांच्यापुढे शौर्य दाखवण्यासाठी मी म्हणालो, "ए चिनी, खरी किंमत सांग!" मुले हसली. आई रागावली नाही, तिने ऐकलेच नसावे. त्या बाईने मात्र ऐकले. तिने माझ्याकडे पाहिले आणि किंमत सांगितली. तो स्वेटर मी तीन हिवाळे घातला.

ज्यांनी तिचे घर घेतले त्यांच्याच नावाने मी तिला हाक मारली होती. दहा वर्षांच्या मुलाला हे कसे कळावे, असे म्हणून मी स्वतःला सोडवू शकतो. पण वीस वर्षांचा झाल्यावरही मोमोच्या गाड्यापुढे मी तेच करीत होतो, तिथे ही सबब चालत नाही.

आमा-लाशी माझे बोलणे फार होत नसे. एकदा अक्काने तिला सांगितले की हा मुलगा बेळगावचा. म्हातारीने मान वर केली, बोटे वर केली आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "अडीचशे. कमी नाही!" आणि खुदकन हसली. पुष्कळ हिवाळे तिने कोल्हापुरात आणि बेळगावात स्वेटर विकले होते. मराठी आकडे, "घ्या की", "रंग जात नाही", "उद्या या" एवढी तिची मराठी होती. माझ्या कन्नडपेक्षा ती थोडी जास्तच भरली. माझ्या लहानपणची ती बाई हीच का, हे मी विचारले नाही. ती नसली तरी फरक पडत नव्हता.

आणि आता त्या वहीवाल्या मुलीविषयी. एका संध्याकाळी ती आजीपुढे बसून मोठ्याने अक्षरे म्हणत होती. मी कान दिला आणि चमकलो. "का, खा, गा, ङा... चा, छा, जा, ञा..." हे तर आपलेच! फक्त 'घ' गाळला. मला वाटले पोरगी विसरली, म्हणून मी शहाणपणाने मध्ये 'घ' घातला. आजी आणि नात दोघीही माझ्याकडे वेड्यासारखे पाहू लागल्या. त्यांच्या वर्णमालेत 'घ' नाहीच. तिबेटी परंपरेप्रमाणे सातव्या शतकात थोन्मी संभोट नावाच्या विद्वानाने भारतात येऊन इथल्या लिपीवरून त्यांची लिपी बेतली. म्हणून त्यांची अक्षरे क-वर्ग, च-वर्ग, त-वर्ग अशीच चालतात. कन्नडचीही तशीच चालतात. त्या मुलीच्या दप्तरात कन्नडची वही होती, ती काढून तिने मला क, ख, ग दाखवले. मी देवनागरीत लिहून दाखवले. मेणकापडावर तीन लिप्यांतला 'क' शेजारी शेजारी बसला. तिघांचे रूप निराळे, जागा एकच.

माझे सांगणे काय आहे ते आता थोडक्यात मांडतो. दुसऱ्याची भाषा शिकल्याने आपली भाषा बुडत नाही. आपली भाषा आपण वापरायची थांबवली म्हणजे ती बुडते. या दोन गोष्टींची आपण गल्लत केली आहे, आणि कन्नड न येणे हीच आपल्या मराठीपणाची खूण मानून बसलो आहोत. अक्काला कन्नड आले म्हणून ती तसूभर कमी तिबेटी झाली नाही.

यावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही विचार करण्याजोगे आहेत. पहिला असा की तिबेटी लोक आश्रित आहेत, त्यांना शिकल्यावाचून गत्यंतर नव्हते. आपण मात्र आपल्याच घरात आहोत, आपण का शिकावे? यातला पहिला भाग खरा आहे. गरजेपोटी शिकलेली भाषा आणि हौसेने शिकलेली भाषा यांत फरक असतोच. परंतु मग प्रश्न उरतो की घरच्या माणसाने शेजाऱ्याशी बोलायला आश्रितापेक्षा कमी शिकावे, हे कोणत्या घराला शोभते? दहावीपर्यंत मला कन्नड विषय होता. मी तो पास होण्यापुरता केला आणि परीक्षा संपताच विसरलो. त्यात स्वाभिमान कोणता होता? आळस होता, आणि त्याला मी स्वाभिमानाचे नाव दिले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. भाषा लादली जाते तेव्हा ती शिकण्याची इच्छा मरते, असे म्हणतात. हे मला मान्य आहे. मराठी शाळा, मराठीतले सरकारी कागद, मराठी पाट्या यांसाठी जे झगडतात त्यांचा हक्क मी नाकारीत नाही. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय व्हावी, असे घटनेच्या ३५०-अ कलमातच म्हटले आहे. पण हक्काची भाषा आणि घरातली भाषा यांचा ताळा जुळतो का, हे कोणी पाहायचे? मोर्चात घोषणा मराठीत देणारा माझा मित्र घरी धाकट्या भावाशी अर्धे इंग्रजी बोलतो. मी स्वतः सार्वजनिक वाचनालयाच्या पायऱ्या कॉलेजच्या तीन वर्षांत किती वेळा चढलो, ते मोजायला एका हाताची बोटे पुरतात. हे कोणी आपल्यावर लादलेले नाही.

तिबेटी लोकांचे सर्व काही उत्तम चालले आहे, असेही मी म्हणत नाही. अक्का एकदा उदास होऊन म्हणाली, "पोरगी शाळेत इंग्रजी बोलते, गल्लीत कन्नड बोलते. तिबेटी फक्त या टेबलावर." खरोखरच, तिने आईला मोबाईल मागितला तो इंग्रजीत. वसाहतीतली तरुण मुले परदेशी जात आहेत, मागे म्हातारी माणसे उरत आहेत. कागदांचा गुंता तर आपल्या कल्पनेपलीकडचा. पुष्कळांजवळ फक्त नोंदणीपत्र असते, ते वेळोवेळी नवे करून घ्यावे लागते. २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ पूर्वीपर्यंत भारतात जन्मलेले जन्मानेच भारतीय ठरतात आणि तिबेट्यांनाही हे लागू आहे, असा निर्वाळा २०१० साली दिल्ली उच्च न्यायालयाने आणि २०१३ साली कर्नाटक उच्च न्यायालयाने दिला. तरीही कित्येकांनी नागरिकत्व घेतलेले नाही. परत जायचे आहे, ही आशा त्यांनी सोडलेली नाही.

अशा लोकांनी भाषा टिकवण्यासाठी काय करावे? २००८ नंतर त्यांच्यात ल्हाकर नावाची चाल पडली आहे. ल्हाकर म्हणजे पांढरा बुधवार. त्या दिवशी निर्भेळ तिबेटी बोलायचे, आपले अन्न खायचे, जमेल त्याने आपला पोशाख करायचा. बुधवारी अक्काच्या हॉटेलात उभे राहायला जागा नसे. कंपन्यांत काम करणारी, कॉलेजात शिकणारी मुंडगोड-बैलकुप्पेची मुले येत, एकेका टेबलाला सहा-सात बसत. मध्येच कोणाच्या तोंडून इंग्रजी शब्द निसटला की बाकीचे त्याला धरीत. मला त्यातले अक्षरही कळत नसे. मी कोपऱ्यात बसून थेंथुक खाई आणि मनात म्हणे, यांना ना राज्य आहे, ना सरकार, ना पाट्या लावायला गाव. यांच्याजवळ एक टेबल आहे, आणि तेवढ्यावर हे भाषा धरून बसले आहेत. आणि हीच मुले बाहेर पडली की रिक्षावाल्याशी कन्नडमध्ये बोलत.

शेवटच्या दिवशी मी अक्काला धीर करून कन्नडमध्ये म्हणालो की उद्या मी गावी चाललो आहे. वाक्य बरोबर होते की नाही देव जाणे. तिने पैसे घेतले नाहीत. आमा-लाने माझ्या गळ्यात एक पांढरे वस्त्र घातले. खाता म्हणतात त्याला. दलाई लामांच्या तसबिरीला होते तसेच. ते आता माझ्या टेबलावर कन्नडच्या जुन्या पुस्तकावर ठेवले आहे. पुस्तक आठवीचे आहे. तिथूनच पुन्हा सुरुवात केली आहे.

उपदेश करण्याचा मला अधिकार नाही, हे वरच्या कबुलीवरून दिसलेच असेल. परंतु दोन सूचना करून थांबतो. पहिली अशी की बुधवारी मधल्या सुटीत आपण कट्ट्यावर बसतो, तेव्हा अर्धा तास निर्भेळ मराठी बोलून पाहावे, आणि पुढचा अर्धा तास कन्नड मित्रांच्या कन्नडला द्यावा. चुका होतील, हसे होईल. होऊ द्या.

दुसरी सूचना या अंकाविषयीच आहे. आपल्या या अंकाला मराठी आणि कन्नड असे दोन विभाग आहेत. दरवर्षी अंक हातात पडला की मी मराठी विभाग वाचतो, कन्नडची पाने येताच छायाचित्रे पाहून अंक मिटतो. पलीकडचे मित्रही असेच करीत असतील. एकाच बांधणीत इतकी वर्षे शेजारी राहून आपण एकमेकांची पाने उघडलेली नाहीत. यंदा त्यातला एक तरी लेख, मित्राला शेजारी बसवून, अक्षर लावीत लावीत वाचावा. त्याने आपला एक वाचावा. अक्षरांचा क्रम तोच आहे, फक्त वळणे निराळी आहेत.

मोमोच्या गाड्यावरच्या मुलाला मी परत आल्यावर त्याचे नाव विचारले. त्याने आधी संशयाने पाहिले, मग सांगितले. आता मी त्याला नावाने हाक मारतो. तो मला "अण्णा" म्हणतो. परवा त्याने मला विचारले, "मराठीत कोबीला काय म्हणतात?" मी म्हणालो, "कोबीच!" तो हसला आणि म्हणाला, "मग एक शब्द आला."